जादा वेळ

सावली
४ ऑगस्ट २०२४

गुणवंतभाऊ,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. नऊ महिने होत आले. म्हणून हे पत्र.

खालची सही तेवढी माझ्या हातची आहे. बाकीचं मी मोबाइलमध्ये बोलले आणि मोबाइलने लिहिलं. दिव्यानीने शिकवलं मला. त्या मोबाइलला आपलं मले-तुले समजत नाही, भलतंच काहीतरी उमटतं, म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलावं लागतं. कोणाच्या तोंडचं बोलणं असलं की तेवढं झेरॉक्सवाला अजय हाताने टाईप करून देतो. त्याला आपल्या घरातलं सगळं कळेल. कळू दे.

दिवाळीला तुझ्या घरी जे झालं ते तू तुझ्या परीने सांगत असशील. मी मला दिसलं तसं सांगते. तुझ्या शाळेतले चार मास्तर फराळाला आले होते. तू दिव्यानीच्या हातात पेपर दिलास आणि म्हणालास, वाच. ती दुसऱ्या ओळीत अडकली. मग तिसऱ्यांदा तोच शब्द वाचायला गेली. तू हसत म्हणालास, "नववीत हाय आन् चौथीच्या पोरीएवढं वाचता येत नाई. निलू, हे पुरी तुह्यावर गेली." मास्तर हसले. त्यांच्या मनात वाईट नसेलही. दिव्यानीने पेपरची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. आम्ही सकाळच्या पहिल्या बसने निघालो. सुगंधावहिनी डबा घेऊन स्टँडपर्यंत आली होती, तो मी घेतला नाही. तेवढं माझं चुकलं. तिची काही चूक नव्हती.

आता नवीन सांगते. दिव्यानीची तपासणी झाली.

जानेवारीत तिच्या शाळेत मयुरी मॅडम आल्या, विज्ञान शिकवायला. त्यांनी वर्गात विचारलं, बी वाळवून ठेवलं तर टिकतं का? दिव्यानी उभी राहिली आणि म्हणाली, सगळ्यांचं टिकत नाही. मोहाची टोळ म्हणजे मोहाचं बी, ती वाळली की मरते, ती पडली की लगेच लावावी लागते. साग कसा वेगळा, बिबा कसा वेगळा, सगळं सांगितलं तिने. सुट्टीत ती माझ्यासोबत नर्सरीत असते, तिथलंच ते. पण चाचणीच्या पेपरात तोच प्रश्न आला तर चार ओळी, त्यातही अर्धी अक्षरं गळालेली. मॅडम तो पेपर घेऊन थेट नर्सरीत आल्या. मी पिशव्यांमध्ये माती भरत होते. म्हणाल्या, "नीलाताई, हिले येते ना सारं. मंग कागदावर येता येता कुठी जाते ते?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळे सांगायचेच.

मॅडमच्या सांगण्यावरून तपासणीसाठी चंद्रपूरला तीनदा गेलो. पहिल्या वेळी डोळे आणि कान तपासले, दोन्ही चांगले निघाले. नंतर एका बाईंनी तिला खोलीत घेऊन दोन-दोन तास बसवलं. ठोकळे जुळवायचे, आकडे उलटे म्हणायचे, घड्याळ लावून वाचायचं, ज्यांना काही अर्थच नाही असे शब्दही वाचायचे. पहिल्या दिवशी मूल गाव मागे पडल्यावर बसमध्ये तिने मला विचारलं, "आई, मले पागल ठरवतीन का?"

मी म्हटलं, "त्याच्यासाठी नाई चाललो. तुले येते ते कुठी अडते, ते पाहाले चाललो."

शेवटच्या दिवशी त्या बाईंनी आम्हाला दोघींना समोर बसवलं. बुद्धी चांगली आहे, म्हणाल्या. नुसती चांगली नाही, तिच्या वयाच्या बऱ्याच मुलांच्या पुढे आहे. अक्षर आणि आवाज यांची जोडी लावायला तिच्या मेंदूला जास्त मेहनत पडते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आजार नाही, आळस तर नाहीच. दिव्यानीने विचारलं, "मंग मी ढ नाई?" बाई म्हणाल्या, "नाही." तर ही म्हणते, "लिहून द्याल?" बाई हसल्या. "तेच तर लिहून देतोय."

त्यांनी मलाही विचारलं, घरात आणखी कोणाला असं आहे का? मी म्हटलं, नाही.

प्रमाणपत्र मिळालं आहे. दहावीच्या परीक्षेत तिला जादा वेळ मिळेल, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल, शुद्धलेखनाचे गुण कापणार नाहीत. तू मुख्याध्यापक आहेस, तुला हे माझ्या आधी माहीत असायला हवं होतं. असो. बातमी आनंदाची आहे म्हणून कळवली.

तुझी बहीण
नीला


सावली
१५ सप्टेंबर २०२४

गुणवंतभाऊ,

माझा फोन उचलायला तुला दहा महिने वेळ मिळाला नाही. दिव्यानीच्या मुख्याध्यापकांना फोन करायला मात्र मिळाला.

मला कसं कळलं ते सांगते. प्रमाणपत्राची प्रत आणि अर्ज मी ऑगस्टमध्येच शाळेत दिला होता. दर आठवड्याला विचारायला जायची, सर म्हणायचे, पाठवतो. गेल्या मंगळवारी मी नर्सरीतून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, आज पाठवल्याशिवाय उठत नाही. ते इकडेतिकडे बघायला लागले. मग म्हणाले, "बाई, माह्यावर काऊन चिडता? तुमचे भाऊच म्हणाले, थांबा म्हणून. पोरीवर जनमभराचा शिक्का बसन, उद्या लग्नाले अडचण येईन. माह्या बहिणीले कोनी तरी भरवून देल्लं, म्हणे."

तुमची दोघांची डी.एड.पासूनची दोस्ती, मला माहीत आहे. अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. माझ्या समोर काढला, कोपरे वळले होते.

मी ओरडले नाही. तुला वाटेल ओरडली असेल. मी म्हटलं, "सर, भाऊ जिवतीले राहते. पोरगी इथी राहते. माय इथी बसून हाय. सही कोनाची पाह्यजे?"

ते म्हणाले, विचार करतो. मी त्यांना विचार करू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी मयुरी मॅडमसोबत जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियमाचा छापील कागद हातात दिला. त्यात लिहिलं होतं, प्रमाणपत्र असलं की शाळेने अर्ज पुढे पाठवायचाच. मॅडमने मला तो तीनदा वाचून दाखवला. बसमध्ये मी तो मनात म्हणत आले. शाळेत गेल्यावर कागद टेबलावर ठेवला आणि न बघता सगळा म्हणून दाखवला, कोणत्या कलमात काय आहे तेसुद्धा. सर बघतच राहिले. शिक्का मारला, सही केली.

शिक्क्याची भीती वाटते ना तुला? भाऊ, शिक्का आधीच बसला आहे. तुझ्या घरी, चार मास्तरांसमोर बसला. आम्ही कागद आणला तो त्याला उत्तर म्हणून.

लटारू म्हणतात, भावाला एवढं कडक लिहू नकोस. तो स्वभावच आहे त्यांचा, माझ्या नवऱ्याला कोणाशीच भांडण नको असतं. पण त्यांनी सांगितलं तरी मी एक शब्द कमी केला नाही.

नीला


सावली
१३ ऑक्टोबर २०२४

गुणवंतभाऊ,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "जे केलं ते पोरीच्या भल्यासाठी केलं. तुला वाचनातलं काय कळतं?"

प्रश्न बरोबर विचारलास. उत्तर देते. हे मी या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मी चौथीत होते तेव्हा शाळेत तपासणीला साहेब आले होते. तू सुट्टीत घरी आला होतास, वीस वर्षांचा होतास, दारात उभा राहून बघत होतास. साहेबांनी मला धडा वाचायला लावला आणि मी एकदाही न अडखळता पान संपवलं. साहेबांनी पाठ थोपटली. तू गावभर सांगितलंस, माझी बहीण खडखड वाचते.

मी वाचत नव्हते, भाऊ. मला धडा पाठ होता. माझी मैत्रीण ओसरीवर मोठ्याने अभ्यास करायची, मी ऐकायची. ओळ संपली की बोट खाली न्यायचं आणि पान संपलं की उलटायचं, एवढं मी बघून शिकले होते. पुस्तकातली अक्षरं माझ्यासाठी मुंग्यांसारखी हलायची. पाचवीत नवं पुस्तक आलं आणि मैत्रीण दुसऱ्या गावी गेली. तोवर तू डी.एड. संपवून घरी आला होतास, रोज संध्याकाळी मला समोर बसवून वाचायला लावायचास, आणि अडलं की लाकडी पट्टी. तुला वाटलं मी मुद्दाम करते. चौथीत येत होतं, पाचवीत कसं येत नाही? तुझंही बरोबरच होतं एका अर्थी, कारण मीच तुला फसवलं होतं.

सातवीनंतर मी बाबांना सांगितलं, मला शाळेपेक्षा भाताची रोवणी आवडते. सगळ्यांनी विश्वास ठेवला. चिखलात मला कोणी वाचायला सांगणार नव्हतं.

त्या चंद्रपूरच्या बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का, तेव्हा मी पोरीसमोर नाही म्हटलं. सांगायला तोंड उघडलं होतं. उघडलं आणि नाही असं बोलले.

पण आता मला लाज वाटत नाही, हे तू नीट समजून घे. गेल्या महिन्यात नर्सरीत वारं-पाऊस झाला आणि वाफ्यांवरच्या पाट्या उडाल्या. मजुरांनी गोळा करून जशा हाती आल्या तशा खोचल्या. बिब्याच्या वाफ्यावर चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची पाटी, बेहड्यावर हिरड्याची. दोन शिकलेले बाबू पाट्या वाचून वहीत लिहीत निघाले होते. मी त्यांना थांबवलं. चाळीस वाफे पानं बघून, देठ मोडून, वास घेऊन मी एका सकाळी ओळखून दिले, पाट्या बाबूंनी बदलल्या. म्हणजे माझं डोकं चालतं. फक्त एका दाराने आत जात नाही.

मला वाचता येत नाही हे लटारूंना सांगितलं तर ते म्हणाले, "मले मालूम होतं. तू बसची पाटी नाई पाहत, कंडक्टरले इचारून चढते." सतरा वर्षांत एकदाही बोलले नाहीत.

मग दिव्यानीला सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मंग दिवाळीले काऊन नाई बोलली? मामा 'तुह्यावर गेली' म्हणे, तवा तू खाली पाहून राह्यली होती. तुले मालूम होतं ना, मले कसं वाटत असन ते?"

मी म्हटलं, "चुकली मी." एवढंच.

आता खरी अडचण ऐक. अर्ज पुढे गेला, पण शेवटच्या फॉर्मवर तिची स्वतःची सही लागते आणि ती करत नाही. वर्गातल्या मुली तिला सर्टिफिकेटवाली म्हणतात, ते ती सहन करते. कारण वेगळं आहे. ती म्हणते, "सही केली का मामाचं खरं होते. मले येत नाई म्हणून सवलत घेतली, असं म्हणतीन ते." मी समजावलं, मॅडमने समजावलं. पोरगी हटत नाही. पाच मिनिटांत तू जे पेरलंस ते आम्हा दोघींच्याने उपटत नाही.

१० नोव्हेंबर शेवटची तारीख आहे. तोवर तू ये.

माफीचं पत्र पाठवू नकोस. ते वाचायला तिला अर्धा तास लागेल आणि तेवढी मेहनत तिने त्यासाठी का करावी? तोंडाने बोललास, तोंडानेच परत घे. मला काही सांगू नकोस, माझ्या पट्टीचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला. तिला सांग.

भाऊबीज ३ तारखेला आहे. ओवाळून घ्यायला येत असशील तर नको. तिच्याशी बोलायला येत असशील तर ये.

नीला


सावली
१० नोव्हेंबर २०२४

भाऊ,

तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

भाऊबीजेला तू आलास तेव्हा मी चुलीजवळून बघत होते. लटारूंनी खुर्ची पुढे केली, तू बसला नाहीस. अंगणात उभा राहूनच बोललास. "दिव्यानी, मी चुकलो. तुही परीक्षा घ्याचा मले काई हक्क नोता. चार लोकायसमोर तर नाईच." पुढचं तुला सुचेना. पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं वर्गात मोठ्याने बोलणारा, तू माझ्या पोरीसमोर शब्द शोधत होतास. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही खरं आहे.

तिने "काही नाही मामा" म्हटलं नाही. तू थोडा वेळ त्याचीच वाट बघत होतास, मला दिसलं. तिने तुला विचारलं, "तुमच्या शाळेत माह्यासारखे किती हायेत?"

तू म्हणालास, "मोजले नाई कधी."

"मंग मोजा," ती म्हणाली आणि तुला पाणी आणून दिलं.

जेवून तू चारच्या बसने गेलास. ती तुला सोडायला आली नाही, त्याचं तुला लागलं असेल. ती का आली नाही ते सांगते. तू फाटकाबाहेर पडलास आणि तिने फॉर्म काढला. मी म्हटलं, "आण, मॅडमले फोन लावतो, त्या वाचून दाखवतीन." म्हणाली, "नाई. सही माही हाय, वाचीन बी मीच." खाटेवर बसली. ओळीखाली पट्टी धरून एकेक शब्द वाचत गेली. चाळीस मिनिटं लागली. मी मधे बोलले नाही, लटारू अंगणात बकऱ्यांना पाला टाकत राहिले. एका ठिकाणी अडली तेव्हा मॅडमला फोन करून फक्त त्या शब्दाचा अर्थ विचारला. मग सही केली. दिव्यानी लटारू आणि पुढे आडनाव, असं पूर्ण नाव, सावकाश. 'व्या' बरोबर आला.

दिवाळीच्या सुट्टीतही दहावीचे जादा वर्ग आहेत, तिथे सोमवारी स्वतः नेऊन दिला. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तुही तर मज्जा हाय. जादा टाइम भेटते तुले." दिव्यानीने तिला सांगितलं, "घे ना मंग. पन नुसता टाइम नाई भेटत, माह्यं वाचनबी घ्या लागन." आता दोघी एकत्र डबा खातात.

काल तुझा फोन आला. मी उचलला. नमस्कार-चमत्कार काही नाही, तू एकच शब्द बोललास. "अकरा."

मला आधी कळलं नाही, मग कळलं. तुझ्या शाळेत अकरा. त्यातल्या दोन पोरींना तू स्वतः मागच्या बाकावर बसवलं होतंस, हेही तू सांगितलंस. सांगितलंस हे चांगलं केलंस.

मयुरी मॅडमना घेऊन जिवतीला ये म्हणतोस. येतो. पण मॅडम एकट्या नाही, मी पण. आयांची बैठक बोलाव. शिकलेल्या बाईने सांगितलं की त्या मान हलवतात आणि घरी जाऊन पोरीला कामाला लावतात. मी सांगितलं तर प्रश्न विचारतील. डोंगरातल्या त्या शेतांमध्ये बाया काय लपवून काम करतात ते मला माहीत आहे.

तुझी बहीण
निलू


सावली
२३ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

जिवतीची बैठक छान झाली, पण त्यावर आपण समोरासमोर बोललो आहोत. आज परवाचं सांगते. दहावीचा पहिला पेपर होता, मराठीचा. तिला सर्वात कठीण तोच.

सकाळी ती जेवली नाही, नुसता चहा घेतला. केंद्रावर मयुरी मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या. तिला वेगळी खोली होती. प्रश्न वाचून दाखवणाऱ्या बाई वयस्कर होत्या, त्यांनी तिला विचारलं, "हळू वाचू का जोरात?" दिव्यानी म्हणाली, "साधं वाचा, पन दोनदा."

अकराला पेपर सुरू झाला. मी त्या दिवशी नर्सरीत सुट्टी टाकली होती. लटारू तांदळाच्या गिरणीतून एकदा डोकावून गेले.

दोन वाजता घंटा झाली आणि सगळा लोंढा बाहेर आला. पोरी पेपर हातात धरून ओरडत होत्या, आया पाण्याच्या बाटल्या उघडत होत्या. कोणाला निबंध सोपा गेला, कोणाचं पत्र राहिलं. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी होत्या. एकीने विचारलं, "दिव्यानी नाई दिसत?" मी म्हटलं, "आत हाय." तिने जरा बघितलं माझ्याकडे. तिला कळलं की नाही माहीत नाही. मी आवाज खाली आणला नाही.

अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला. आइस्क्रीमची गाडी गेली. मॅडमना शाळेत जायचं होतं, त्याही गेल्या. फाटकासमोर मी एकटी उभी. पलीकडे कडुनिंबाची सावली होती, पण तिथून ते दार दिसत नव्हतं, म्हणून मी उन्हातच थांबले.

बंदोबस्ताला एक तरुण पोलीस होता. तो खुर्ची उचलून आत न्यायला निघाला होता. मला बघून थांबला. म्हणाला, "बाई, पेपर तर कवाच सुटला. सारे गेले. कोनाची वाट पाहून राह्यले?"

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, काही नाही, सहज उभी आहे.

मी म्हटलं, "माह्या पोरीची. तिचा टाइम नाई झाला अजून."

त्याने घड्याळ बघितलं, मग शाळेकडे बघितलं. ती खुर्ची त्याने माझ्याजवळ आणून ठेवली. मी बसले नाही. तीन वाजेपर्यंत उभीच होते, आणि तिने एक मिनिटसुद्धा आधी बाहेर यावं असं मला वाटलं नाही.

नीला